व्यायाम करताना मान आणि घसा दुखतो : आधी घड्याळ बघा, मग मान

प्रश्न थोडक्यात असा : वय पंचेचाळिशीच्या पुढे. ट्रेडमिलवर भरभर चालायला लागलं की आठ-दहा मिनिटांत घशात आवळल्यासारखं होतं, मानेच्या दोन्ही बाजू आणि जबड्याखालचा भाग दुखतो. थांबलं की तीन-चार मिनिटांत सगळं नाहीसं. छातीत काहीच होत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घसा स्वच्छ आहे असं सांगितलंय, झोपवून काढलेला ईसीजीही नॉर्मल आहे. तर हे मानेचे स्नायू आखडल्यामुळे होतंय का, आणि व्यायाम चालू ठेवावा का?

आधी उत्तर, मग कारणं. ट्रेडमिल आजपासून बंद ठेवा आणि हृदयाची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तोवर घरातली सावकाश हालचाल चालेल, पण जिने भराभर चढणं, जड उचलणं, जेवल्यावर लगेच फेरी मारणं नको. दुखणं मानेच्या स्नायूंचंही असू शकतं, पण दिलेल्या वर्णनात त्याचा नंबर पहिला लागत नाही. पहिला नंबर लागतो तो अंजायनाचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडल्यामुळे होणाऱ्या त्रासाचा.

छातीत काही होत नसताना हृदयावर संशय का, हे विचारणं रास्त आहे. दुखणं कुठे आहे यावरून आपण कारण ठरवायला जातो. मानेत दुखलं की मान, घशात दुखलं की घसा. व्यायामात येणाऱ्या दुखण्याला हा नियम फारसा लागू पडत नाही. इथे वेळ जास्त बोलते. किती श्रम झाल्यावर सुरू होतं, थांबल्यावर किती मिनिटांत जातं, आणि मान अजिबात न हलवता तेवढेच श्रम केले तरी येतं का, या तीन गोष्टी जागेपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

हृदयाला स्वतःचं दुखणं नेमकं दाखवता येत नाही. हृदयाकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा मज्जारज्जूत ज्या पातळ्यांवर शिरतात, तिथेच छाती, दंड आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेकडून येणाऱ्या नसाही शिरतात. काही संवेदना व्हेगस नावाच्या नसेतून वर जातात आणि मानेच्या वरच्या भागातल्या, जबडा-घशाच्या संवेदना वाहणाऱ्या पेशींशी जोडल्या जातात. मेंदूला फक्त 'या मार्गावरून तक्रार आली' एवढंच कळतं. त्वचेच्या आणि स्नायूंच्या तक्रारींची त्याला रोजची सवय असते, म्हणून तो पत्ता घशाचा किंवा जबड्याचा लावतो. काहींना तर फक्त खालच्या दातांत ठणका येतो आणि दाताच्या दवाखान्यात चकरा होतात.

अंजायना या नावातच गळा आवळणं आहे. विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरांनी १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये या आजाराचं वर्णन वाचलं आणि १७७२ मध्ये ते छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवल्यावर येणारी, उभं राहिलं की विरून जाणारी ही भावना त्यांनी नेमकी टिपली होती. ईसीजी नव्हता, अँजिओग्राफी नव्हती. नुसतं 'कधी येतं आणि कधी जातं' एवढं विचारून त्यांनी तो ओळखला. आजही निदानाची सुरुवात तिथूनच होते.

झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल असणं याला इथे फार किंमत देऊ नका. हृदयाला रक्त पुरवणारी करोनरी धमनी बरीच अरुंद झाली तरी बसल्या जागी लागणारं रक्त ती पुरवू शकते. साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अडथळा झाला की श्रमाच्या वेळी पुरवठा तोकडा पडू लागतो. म्हणजे बिघाड दिसतो तो दहाव्या मिनिटाला, आणि ईसीजी काढला तो पडून असताना. नळाला पाणी येतंय का हे तोटी बंद ठेवून बघण्यासारखंच झालं.

बोलण्यातही एक गंमत होते, आणि तिच्यामुळे निदान हुकतं. 'व्यायाम करताना दुखतं का?' असं विचारलं की पुष्कळ लोक सरळ 'नाही' म्हणतात. 'मग काय होतं?' म्हटलं की हात गळ्याकडे जातो, पूर्ण पंजा गळ्याभोवती पसरतो आणि उत्तर येतं, 'दुखत नाही हो, आवळतं.' किंवा दाटून येतं, जड होतं, घास अडकल्यासारखं वाटतं. एका बोटाने एकच बिंदू दाखवणारा माणूस बहुधा स्नायूचं किंवा सांध्याचं दुखणं सांगत असतो. पसरलेला पंजा मात्र गांभीर्याने घ्यावा. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर 'मान दुखते' एवढंच बोलू नका, नाहीतर मानेचा एक्स-रे निघेल. या वयात मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज बहुतेकांना असतेच. ती दिसेल, सगळ्यांचं समाधान होईल आणि खरं कारण तसंच राहील. वाक्य असं सांगा : 'भरभर चालल्यावर आठ ते दहा मिनिटांनी घसा आणि जबडा आवळतो, थांबल्यावर तीन-चार मिनिटांत जातो, इतके आठवडे चाललंय, आणि आता पूर्वीपेक्षा लवकर येतंय किंवा नाही.' शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा.

अंजायनाच्या आणखी काही खुणा आठवून बघा. मुद्दाम पुन्हा करून बघायच्या नाहीत, झालेलं आठवायचं आहे. ठरावीक वेगाला किंवा ठरावीक चढाला तो जवळजवळ ठरलेल्या वेळी येतो. थंड वाऱ्यात, पोटभर जेवणानंतर आणि मनावर ताण असताना कमी श्रमातही येतो. सपाटीवर नसलेला त्रास चढावर होतो. मान डावी-उजवीकडे वळवली, घोट गिळला, दाबून पाहिलं तरी कमी-जास्त होत नाही. बहुधा दोन ते दहा मिनिटं टिकतो. सेकंदभराची चमक किंवा दिवसभर मागे राहणारी ठसठस सहसा अंजायनाची नसते. आणि एक फसवी खूण : काहींना पहिल्या दहा मिनिटांत त्रास होतो, थोडं थांबून पुन्हा सुरू केलं की तेवढ्याच वेगाला काहीच होत नाही. 'अंग मोकळं झालं, म्हणजे स्नायूच होता,' असा निष्कर्ष लगेच निघतो. पण पहिल्या फेरीनंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता जुळवून घेतो, हे अंजायनात काहींना दिसतं. दुसऱ्या फेरीत बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असं होत नाही.

गॅसचंही तसंच. त्रास झाला, माणूस थांबला, दोन ढेकर दिले, बरं वाटलं. श्रेय ढेकरांना मिळतं, पण त्याच दोन मिनिटांत आपण उभे होतो हे कुणी मोजत नाही. मधुमेह असलेल्यांत, स्त्रियांत आणि वय झालेल्यांत छातीत काहीच न होता नुसता घसा, जबडा, पाठ किंवा नुसतीच धाप अशी लक्षणं जास्त दिसतात. त्यांनी तर गॅसवर विश्वास टाकायला आणखी उशीर करावा.

तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो. आधी स्टेथोस्कोप आणि रक्तदाब, कारण महारोहिणीची, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली असेल तर करोनरी स्वच्छ असूनही हाच त्रास होतो, आणि तिचा आवाज ऐकू येतो. मग ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडसाठी टीएसएच. हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं असेल किंवा थायरॉइड जोरात असेल, तर थोड्याशा अडथळ्यातही अंजायना उघडा पडतो. त्यानंतर श्रमाची चाचणी. ट्रेडमिलवरच्या नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पहिल्या तीन मिनिटांत वेग ताशी २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के असतो, पुढच्या तीन मिनिटांत ४ किलोमीटर आणि १२ टक्के, आणि असंच दर तीन मिनिटांनी वाढत जातं. २२० वजा वय या ढोबळ आकड्याच्या निदान ८५ टक्के नाडी गाठायची असते. ४७ वर्षांच्या माणसाला म्हणजे मिनिटाला साधारण १४७. तेवढी नाडी गाठण्याआधीच पाय दमले म्हणून चाचणी थांबवली असेल, तर 'निगेटिव्ह' या शब्दाला अर्थ नाही. रिपोर्टमध्ये तो आकडा शोधा. चाचणी चालू असताना घशातला त्रास आला तर तोंडाने सांगा, कारण आलेखात काही दिसलं नाही तरी तुमचं सांगणं उपयोगी पडतं.

तरी ही चाचणी काही आजार सोडते आणि काहींना उगाच घाबरवते. स्त्रियांत तिचे खोटे इशारे जास्त. म्हणून लक्षणं इतकी नमुनेदार असतील तर डॉक्टर थेट करोनरीचा सीटी स्कॅन किंवा श्रमासह इको सुचवतील. ते जास्त सयुक्तिक आहे. मात्र त्रास गेल्या काही दिवसांत नव्याने सुरू झालाय, रोज कमी श्रमात येऊ लागलाय किंवा बसल्या जागीही आलाय, तर चाचणीची वेळ ठरवत बसू नका आणि ट्रेडमिलवर चढूही नका. त्याच दिवशी इमर्जन्सी विभागात जा. विश्रांती घेऊनही पाच-दहा मिनिटांत थांबला नाही, घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. गाडी स्वतः चालवू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर फोनवरच्या वैद्यकीय मदतनीसाच्या सल्ल्याने साधारण ३०० मिलिग्रॅम चावून खातात. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते.

अंजायनासाठी देतात त्या जिभेखालच्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रेटच्या गोळीबद्दल दोन गोष्टी. ती बसून घ्यायची, कारण रक्तदाब एकदम उतरून माणूस पडतो. आणि लिंगाच्या ताठरतेसाठी घेतात त्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास किंवा टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ती अजिबात घ्यायची नाही. हे सांगायला संकोच करणारे लोक संकटात येतात. शिवाय गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयच, असं सिद्ध होत नाही. अन्ननलिकेचा आकस त्याच गोळीने सैल पडतो.

आता समजा, हृदय नीट तपासलं आणि ते सुटलं. मग मानेकडे वळू. इथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, कारण व्यायामशाळेतली बरीचशी मानदुखी तंत्रातल्या चुकांची असते.

आरशासमोर उभं राहून मान उजवीकडे वळवा. डाव्या कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून गळ्याच्या खळग्यापर्यंत तिरका उतरणारा दोरखंड उठून दिसेल. वैद्यकात याला स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड म्हणतात, आपण पुढे त्याला 'दोरखंड'च म्हणू. त्याच्या मागे खोलवर स्केलीन नावाचे तीन पट्टे आहेत, ते पहिल्या दोन फासळ्यांना वर ओढतात. शांत श्वासात या मंडळींना फारसं काम नसतं. दम लागला की ती मदतीला येतात, आणि तेही ठीकच. बिघडतं ते पहिल्या मिनिटापासून त्यांनाच जुंपलं की. जोरात धावताना मिनिटाला ४० श्वास धरले तर अर्ध्या तासात १,२०० वेळा खांद्यासकट छाती उचलली जाते. त्या दोरखंडात गाठ पडली की दुखणं तिथेच राहत नाही. घशात, कानात, कपाळावर, गिळतानाही जाणवतं, आणि माणूस घशाच्या गोळ्या चघळत राहतो.

घरी तपासायचं असेल तर असं. खुर्चीत बसा, मान किंचित तपासायच्या बाजूला झुकवा म्हणजे स्नायू सैल पडेल, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दोरखंड हलकेच पकडून वरून खाली सरका. आत दाबायचं नाही. खाली मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आहे, ती दाबली तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. एका वेळी एकच बाजू. चिमटीत एखाद्या ठिकाणी तेच, अगदी ओळखीचं दुखणं उठलं तर स्नायूच्या बाजूने एक मत पडलं. एकच मत, निकाल नव्हे. स्नायू दुखरा आणि हृदयही आजारी असं एकाच माणसात असू शकतं, म्हणून ही तपासणी हृदयाच्या तपासणीनंतर मांडली आहे.

दुसरी खूण श्रमाच्या प्रकारावर आहे. स्नायूचं दुखणं हालचालीला चिकटलेलं असतं. डोक्यावर वजन ढकलताना येतं, पण पाठ टेकून सायकल मारताना तेवढाच दम लागूनही येत नाही. किंवा दम अजिबात न लागता दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन उभं राहिलं तरी येतं. आणि व्यायाम थांबल्यावर चार मिनिटांत पार नाहीसं होण्याऐवजी मागे रेंगाळतं, दुसऱ्या दिवशी उशीवर मान वळवताना पुन्हा आठवण करून देतं.

पोटाच्या उठाबशा, ज्यांना क्रंचेस म्हणतात, त्यांत चूक उघड असते. बोटं डोक्यामागे गुंफून डोकं ओढलं जातं. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. पोट दमलं की ते वजन मानेच्या पुढच्या स्नायूंवर येतं, आणि दोन दिवस गिळताना गळ्याची पुढची बाजू दुखते. बोटं न गुंफता कानांच्या मागे नुसती टेकवा, हनुवटी आणि छाती यांच्यात मुठीएवढं अंतर ठेवा, जीभ टाळूला लावून ठेवा. मान थरथरायला लागली की पोटात दम असला तरी तो सेट संपला असं समजा.

प्लँकमध्ये आणि जोर मारताना समोरच्या आरशात बघायची सवय मोडा. नजर जमिनीवर, हातांच्या थोडी पुढे. बारबेल खांद्यावर घेऊन बैठका मारताना मानेच्या तळाशी जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्यावर बार कधीही ठेवू नका, खांद्याची पाती जवळ आणल्यावर त्याच्याखाली जी मांसल फळी तयार होते तिच्यावर ठेवा. डोक्यावर वजन नेताना बार नाकासमोरून जाईपर्यंत हनुवटी आत, बार पुढे गेला की डोकं परत जागेवर. बहुतेक जण उलट करतात : हनुवटी वर करून बारला वाट देतात आणि कंबर व मान दोन्ही मोडतात. पुल-अपमध्ये शेवटची दोन इंच उंची मान ताणून चोरली जाते. ते पुल-अप मोजू नका. शेवटच्या जड वजनाला दात आवळले जातात तेही बघा, कारण जबड्याचं आणि कानशिलाचं दुखणं तिथून येतं.

सायकलवर मान दुखत असेल तर मान सोडून हँडल बघा. ते फार लांब किंवा फार खाली असेल तर रस्ता दिसण्यासाठी मान मागे मोडूनच ठेवावी लागते. खोगीर पुढे झुकलेलं असेल तर शरीर घसरून भार हातांवर येतो आणि खांदे कानाकडे चढतात. खोगीर सपाट करा, हँडल एक-दोन सेंटीमीटरने उचला आणि आठवडाभर बघा. एकदम पाच सेंटीमीटर बदललं तर दुखणं मानेतून उठून कंबरेत जाईल. पोहताना श्वासासाठी डोकं वर काढायचं नसतं. अंगाबरोबर वळायचं असतं आणि गॉगलची एक काच पाण्यातच राहायला हवी. एकाच बाजूने श्वास घेणाऱ्याची एकच बाजू दुखते. धावताना दर दहा मिनिटांनी हात खाली सोडून झटका, खांदे आपोआप उतरतात.

दुरुस्तीचा व्यायाम दिसायला इतका किरकोळ आहे की लोक तो चौथ्या दिवशी सोडून देतात. उताणं झोपा, डोक्याखाली दोन सेंटीमीटर जाडीची घडी. डोकं न उचलता, 'हो' म्हणताना हलवतो तेवढंच, हनुवटी किंचित आत आणा. दोन बोटं दोरखंडावर ठेवा. तो मऊच राहिला पाहिजे, कडक झाला तर जास्त जोर लावताय. दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, दहा वेळा, दिवसातून एकदा, सहा आठवडे. यात मणक्याला लागून असलेले खोल स्नायू कामाला लागतात आणि दोरखंडाची सुटी होते. त्याच्या जोडीला एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून पाच मिनिटं असा श्वास की पोटावरचा हात आधी उठेल. दोन आठवडे मानेवर भार टाकणारी वजनं निम्मी करा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत राहत असेल आणि २४ तासांत पूर्ववत होत असेल तर व्यायाम चालू ठेवता येतो. मान कडकडा मोडून घेणं मात्र टाळा, त्याचं कारण पुढे येईल.

श्वासनलिकेची आणि स्वरयंत्राची कारणं यापेक्षा सरळ आहेत, कारण त्यांचंही घड्याळ वेगवेगळं चालतं. विश्रांतीत आपण मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, जोराच्या व्यायामात ती शंभर लिटरच्या वर जाते. साधारण ३५-४० लिटरच्या पुढे नाक पुरत नाही आणि तोंड उघडतं. हवा ओली आणि कोमट करण्याचं नाकाचं काम तिथे संपतं. थंड, कोरडी हवा थेट घशावर आदळली की घसा खरवडल्यासारखा होतो. तोंडावर पातळ कापड, दहा मिनिटं हळूहळू वेग वाढवणं आणि घोट-घोट पाणी एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

व्यायामाने उठणारा दमा बहुधा व्यायाम संपल्यावर गाठतो. थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत तो सर्वांत जास्त असतो, खोकला आणि छातीत घरघर असते, आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. स्वरयंत्र आकसण्याचा त्रास याच्या उलट. तो ऐन जोरात असताना येतो, श्वास आत घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज होतो, 'गळ्यातच अडकलं' असं वाटतं, आणि थांबलं की पाचेक मिनिटांत जातो. किशोरवयीन खेळाडूंत, त्यातही मुलींत, हा जास्त दिसतो. दम्याचा पंप ओढूनही फरक पडत नाही आणि वर्षभर पंपाचा डोस वाढवला जातो. यावर श्वासाचं प्रशिक्षण देणारे स्पीच थेरपिस्ट उपयोगी पडतात. थांबल्यावर लवकर जाणं ही खूण अंजायनातही आहे, फरक वयाचा आणि आवाजाचा. चाळिशीनंतर पहिल्यांदा असं झालं तर स्वरयंत्राचा विचार हृदयानंतर.

आम्लपित्त घशाशी येणं हेही खरंच असतं. पोटावर दाब आणणारे व्यायाम, पुढे वाकणं, धावण्यातले हिसके, कंबरेला आवळलेला पट्टा यांनी पोटातलं आम्ल वर ढकललं जातं. जळजळ खालून वर चढते, तोंडात आंबट येतं, आवाज बसतो, आडवं झालं की वाढतं. जेवण आणि व्यायाम यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, त्या काळात फसफसणारी पेयं नकोत. आम्ल कमी करणारी गोळी चार ते आठ आठवडे देऊन बघण्याचा प्रयोग हृदय सुटल्यानंतरच करावा. आधी केला तर ते आठ आठवडे वाया जातात, कधीकधी महागात.

काही कारणं क्वचित येतात, पण ती माहीत हवीत. मानेच्या एकाच बाजूला अचानक, पूर्वी कधीच नव्हतं असं दुखणं, बरोबर डोकं दुखणं, एक पापणी खाली येणं, बोबडी वळणं, तोल जाणं : मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असू शकतं. वजनाचा हिसका किंवा मानेला दिलेला झटका त्याला निमित्त होतो, आणि तरुणांतल्या पक्षाघाताचं हे एक कारण आहे. मान मोडून घेऊ नका म्हटलं ते यासाठी. श्वास कोंडून जड वजन उचलल्यावर छाती-गळा दुखू लागला, आवाज बदलला आणि गळ्याच्या त्वचेवर दाबलं की बर्फाचा चुरा दाबल्यासारखी करकर लागली, तर फुफ्फुसातून सुटलेली हवा त्वचेखाली आली आहे, लगेच रुग्णालय. व्यायामात अंगावर गांधी उठून घसा बंद होऊ लागला तर ती तीव्र अ‍ॅलर्जी. काहींना ठरावीक अन्न खाऊन व्यायाम केला तरच होते, आणि उपाय एकच, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, तेही लगेच. विषाणूच्या तापानंतर गळ्याची पुढची बाजू नुसत्या स्पर्शाने दुखते, कळ कानाकडे जाते, नाडी जोरात चालते, तेव्हा थायरॉइडची सूज बघायला हवी.

आणि ताप येऊन गेल्यावर मान आणि खांद्याच्या मधल्या उतारावर दुखणं, जे झोपलं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की कमी होतं, ते हृदयाच्या आवरणाच्या सुजेचं असू शकतं. त्या आवरणाची नस मानेतूनच उतरते. हे ओळखलं गेलं नाही आणि माणूस 'घाम गाळला की ताप उतरतो' म्हणत धावायला गेला, तर हृदयाच्या स्नायूची सूज वाढण्याची भीती असते. अंगात ताप असताना, अंग मोडून आलेलं असताना व्यायाम बंदच.

हृदय सुटलं आणि पुन्हा ट्रेडमिलवर जायचं ठरलं की पहिले दोन आठवडे असे काढा. दहा मिनिटं इतकं सावकाश की बोलताना वाक्य तुटणार नाही, मग पंधरा मिनिटं नेहमीच्या वेगाच्या तीनचतुर्थांश, शेवटची पाच मिनिटं उतरत्या वेगाने. समोरची दांडी घट्ट धरू नका, तिला लोंबकळल्यानेच खांदे चढतात. नाडी बघायची तर मनगटावर बघा, मानेवर दोन्हीकडून दाबून नाही. तेच आवळणं पुन्हा आलं तर थांबा, वेळ आणि वेग लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन हृदयतज्ज्ञांकडे परत जा, आधीचा रिपोर्ट कितीही स्वच्छ असला तरी. मोठ्या धमन्यांच्या चित्रात न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आणि धमनीचा तात्पुरता आकस हे दोन्ही अशाच 'स्वच्छ' रिपोर्टमागे लपलेले असतात, आणि त्यांवर औषधं आहेत.